इंधनात पाणी आणि मे महिन्यातली हवा

"विमानात इंधन भरायला एवढी माणसं कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. भरण्यापेक्षा तपासण्यातच वेळ जातो. साठ्याच्या टाकीत इंधन ओतलं की लगेच उपसत नाहीत; पाणी तळाला बसायला पातळीच्या दर फुटामागे साधारण 1 तास देतात. मग तळातला नमुना काचेच्या बरणीत धरून बघतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यासाठी सिरिंजला पाणी ओळखणाऱ्या कागदाची कॅप्सूल लावून 5 मिली इंधन ओढायचं. पिवळा कागद हिरवट झाला की पाणी 30 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 30 भाग) घरात, टँकर परत. हेच पाणी उंचावरच्या थंडीत गोठून फिल्टर तुंबवतं. आणि नळी लावायच्या आधी टँकर-विमान तारेनं जोडायचं, नंतर नव्हे. स्थिर विजेची ठिणगी सांगून येत नाही.

या माणसांत हवामानवाल्यांना मात्र कुणी धरतच नाही! आपलं संभाजीनगर साधारण 570 मीटर उंचीवर. मे महिन्यात 42 अंशांना तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या (तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी हवेतल्या) साडेपाच हजार फुटांइतकी विरळ. इंजिनाचा जोर घटतो, उड्डाणाआधीची धावपट्टीवरची धाव लांबते. विमानाच्या चाचणी उड्डाणात मोजलेली धाव प्रमाण हवामानाला बसवून घेतात, त्यामुळे तापमानाची नोंद चुकली तर अख्खं उड्डाण वाया.