मदत हवी आहे: कोजागिरीच्या आसपास भंडारदरा

पुण्याहून दोन रात्रींसाठी भंडारदऱ्याला जायचं आहे. सोबत सहावीतली मुलगी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर यंदा खालूनच! रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव मंदिर मात्र बघायचंच आहे.

मुक्काम धरणाजवळ शेंडीत करावा की रतनवाडीत एखाद्या घरी? शेंडीत सोयी जास्त, पण रात्री स्पीकरचा दणदणाट नकोय. पावसानंतर जलाशयाच्या कडेचा रस्ता छोट्या गाडीला झेपतो का? सांदण दरी पाण्यामुळे सोडलीच आहे. घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत गाडी जाते का, की बरंच चालावं लागतं? सोनकीची पिवळी रानफुलं तोवर टिकतात की सप्टेंबरातच ओसरतात? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.