सलीम-जावेदचा सिनेमा तुम्ही कुठे, कुणाबरोबर पाहिला? अनुभव लिहा

परवा भाचा आलेला घरी, बारा वर्षांचा. जेवताना भाजी संपली म्हणून त्याने एकदम गब्बरच्या आवाजात आईला झापलं. मी म्हटलं शोले बघितलास का रे? तर म्हणे नाही, पण माहितीये. म्हणजे सिनेमा न बघता डायलॉग पाठ. मग आठवलं की माझं तरी काय वेगळं होतं, मी पण शोले आधी ऐकला आणि मग बघितला. आमच्या कराडच्या मामाकडे शोलेच्या डायलॉगची कॅसेट होती आणि गणपतीच्या दहा दिवसांत सकाळची आरती झाली की संध्याकाळपर्यंत मंडळाच्या कर्ण्यावर तीच. गब्बर येतो तेव्हा त्याचा पट्टा दगडावर घासतो ना, तो आवाज मला वाटायचा कुणीतरी विहिरीच्या काठावर कळशी आपटतंय. त्यामुळे माझ्या डोक्यातला गब्बर कायम विहिरीपाशी उभा असायचा. पुढे थेटरात बघितला तर विहीर कुठे दिसेना, मी खट्टू.

तर धागा त्यासाठी. हिरोचे फॅन सगळेच, पण हे सगळं सलीम खान आणि जावेद अख्तर या दोन माणसांनी बसून लिहिलंय हे आपल्याला कधी कळलं? त्या काळात पोस्टरवर लेखकाचं नाव नसायचंच. १९७३ ला जंजीर आला तेव्हा या दोघांनी म्हणे एक पेंटर धरला आणि जुहूपासून ऑपेरा हाऊसपर्यंतच्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली, आणि त्याने पण ती जागा मिळेल तिथे मारली. मला हे फार आवडतं. मागून मिळत नाही म्हटल्यावर ब्रश घेऊन.

कुठे बघितला, पब्लिक कुठे ओरडलं, कुठे गप्प बसलं ते लिहा. डायलॉग चिकटवू नका प्लीज, सगळ्यांना पाठ आहेत.

पहिला_आठवडा

वय ७१, त्यामुळे मी बहुतेक इथला सीनियर. शोले १५ ऑगस्ट १९७५ ला लागला आणि मी त्याच आठवड्यात मुंबईच्या मिनर्व्हा थेटरला बघितला, सत्तर एमएमचा तो पडदा आणि चारी बाजूंनी आवाज. नाणं उडवतात तेव्हा माझ्या शेजारच्या माणसाने खरोखर खुर्चीखाली वाकून बघितलं. पण आता कुणाला पटणार नाही, थेटर गप्प होतं. शिट्टी नाही टाळी नाही, इंटरवलला लोक बाहेर आले ते पण कसे तर झोपेतून उठल्यासारखे. मी घरी येऊन सांगितलं की पडला. पेपरवाले पण तेच म्हणत होते, आणि शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवायचा का असा विचार चालला होता म्हणतात. त्यात सलीम-जावेदनी सिनेधंद्याच्या पेपरात जाहिरात दिली, की प्रत्येक मोठ्या टेरिटरीत, म्हणजे वितरणाच्या विभागात, सिनेमा एक कोटीचा धंदा करणार. आम्ही हसलो होतो राव.

तीन-चार आठवड्यांनी भावाला घेऊन परत गेलो तर हॉल तोच पण माणसं वेगळी. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधी मागची रांग वाक्य बोलून मोकळी. तेव्हा कळलं की पहिल्या आठवड्यात लोक ऐकत होते. पुढे मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी बोर्डावर शोलेच.

तंबूवाला

आमच्याकडं माण तालुक्यात जत्रंला टुरिंग टॉकीज, म्हंजी तंबूतलं थेटर, यायची. पडदा मधोमध आणि दोन्ही अंगाला पब्लिक. मागच्या बाजूनं तिकीट स्वस्त म्हणून आम्ही पोरं कायम मागं. आता मागनं बघितलं की सगळं उलटं दिसतं, म्हणजे डावं ते उजवं. अमिताभ डावखुरा आहे हे मला पुण्याला कॉलेजला आल्यावर कळलं, तवर मी त्याला उजवाच धरून चाललेलो, मित्रांशी पैज लावून हरलो पण. आणि सुरुवातीची नावं तर उलट्या अक्षरात, कोण वाचणार. त्यामुळं कुणी लिहिलंय ही भानगडच नव्हती, पिक्चर यायचा तो डायरेक्ट ट्रकमधनंच यायचा आमच्या लेखी.

एकदा ऑपरेटरनं शोलेचं एक रीळ खाल्लं. उशीर झालेला, पोलीस पाटील बंद करा म्हणत होते, म्हणून त्यानं इमामचाच्याच्या पोराचा सगळा भाग उडवला. मोठं भांडण. एक म्हातारी उठून मशीनपाशी गेली आणि म्हणाली, त्या आंधळ्याचं पोरगं मेल्याबिगर गावाला राग कसा येईल, लाव ते. लावावं लागलं. त्या म्हातारीला सही करता येत न्हवती पण कुठलं रीळ काढायचं नाही हे बरोबर माहीत होतं.

चाळकरी

आम्ही परळचे. वडील कापडाच्या मिलमध्ये, साच्यावर म्हणजे मागावर. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि तो काही कधी मिटलाच नाही हे सगळ्यांना माहितीच आहे. मी लिहितोय ते ८५ चं, सत्यनारायणाच्या पूजेला चाळीत व्हीसीआर भाड्याने आणलेला, घरटी पाच रुपये वर्गणी, रात्रभरात तीन पिक्चर, पहिला दीवार. सतरंजीवर पुढे पोरं, मागे बायका, पुरुष भिंतीला टेकून उभे.

दीवार म्हटला की सगळे देवळातला सीन, बिल्ला, दोघा भावांचं पुलाखालचं भांडण हेच काढतात. आमच्याकडे पब्लिक गप्प झालं ते सुरुवातीलाच. तो बाप युनियनचा पुढारी असतो, मालक बायकापोरांना उचलतात आणि त्याला कागदावर सही करायला लावतात. तो पेन हातात घेतो तेव्हा मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, नको करू रे. पिक्चरमधल्या माणसाला. कुणी हसलं नाही. अर्धी चाळ घरी बसलेली होती तेव्हा. माझे वडील त्याआधीच दादरला एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले होते आणि त्यावरून शेजारचे दोघं त्यांच्याशी बोलत नव्हते. ते उठले आणि गॅलरीत जाऊन विडी पेटवली. पोराच्या हातावर गोंदवतात तो सीन आला तेव्हा मी मागे वळून बघितलं, ते आत आले नव्हते.

नंतर कितीतरी वर्षांनी विषय निघाला तेव्हा म्हणाले, केली सही ती बरोबर केली, पोरं आधी. एवढंच.

हे कुणी लिहिलं ते मला खूप उशिरा कळलं. पण ज्यांनी लिहिलं त्यांना संप म्हणजे काय ते माहीत असणार असं मी तेव्हापासून धरून चाललोय.

वाळ्याची_ताटी

एवढी आरती चालू आहे म्हणून मी जरा मीठ टाकतो. दीवार म्हणजे गंगा जमुना अधिक मदर इंडिया, शोलेत जपानी सेव्हन सामुराई आणि वेस्टर्न सिनेमे भरलेत. सलीम-जावेदनी पण ते लपवलेलं नाही. उचलायचं आणि वर नाव मोठ्या अक्षरात.

आणि शान! १९८० ला शोलेवाल्यांचाच पुढचा म्हणून बाबांनी ब्लॅकने चार तिकिटं काढली, थेटरच्या गेटवरच, आणि त्यातली दोन खोटी निघाली. मी आणि ताई आत, आईबाबा बाहेर चहाच्या टपरीवर तीन तास. बाहेर आलो तर बाबा म्हणाले कसा आहे? आम्ही म्हटलं मगर चांगली होती.

दुपारची_सिरियल

वरच्यांना उत्तर म्हणून नाही, पण मी मालिका लिहून पोट भरते, त्यामुळे हे माझ्या कामाचं आहे. गोष्ट कुठून उचलली हे विचारणं ठीक आहे, पण ठाकूरची शाल कुठून आणली सांगा.

मी शोले पहिल्यांदा आत्येबरोबर बघितला, सांगलीला, रीरनला. होळीचा सीन, गब्बरची माणसं येतात, जय-वीरू दोघे अडकतात, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली, आणि तो नुसता उभा. उचलत नाही. आत्या, जी घरात कधी आवाज चढवत नाही, ती मोठ्याने म्हणाली काय माणूस आहे मेला! सगळं थेटर त्याच्यावर चिडलेलं. मग मागची सगळी हकीकत, आणि शेवटी वाऱ्याने शाल उडते आणि बाह्या रिकाम्या. आत्याने तोंडावर पदर धरला. घरी येताना रिक्षात म्हणाली, मी उगाच बोलले गं त्याला.

आता बघा, तोवर एवढा वेळ तो माणूस शालीत आहे, कुणालाही हात दिसत नाहीत आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. दिग्दर्शक नट सगळे आहेतच पण आधी ते कागदावर यायला लागतं. प्रेक्षकाला आधी शिवी द्यायला लावायची आणि मग त्याच शिवीची लाज वाटायला लावायची. मला अजून जमलेलं नाही, आमच्याकडे शाल उडाली की ती तीन कॅमेऱ्यांतून तीनदा उडते.

पनवेलकर

शोलेत ट्रेनवर दरोडा पडतो ते शूटिंग आमच्या पनवेलच्या बाजूला झालंय बरं का, सात आठवडे चाललं होतं. मी नव्हतो तेव्हा, पण आमचे मोठे काका डबा घेऊन बघायला जायचे. त्यांचं म्हणणं, दिवसभर ट्रेन पुढे जायची आणि मागे यायची, घोडे पुढे जायचे आणि मागे यायचे, काहीही होत नव्हतं, ऊन नुसतं. तिसऱ्या दिवशी कंटाळून जायचे थांबले. मग थेटरात बघितल्यावर वेड लागायची पाळी, ते आयुष्यभर सांगायचे की अरे हे मी बघितलं होतं पण मला हे दिसलंच नव्हतं.

रोमा_८१

बायकांचा अनुभव कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. आमच्याकडे बाबा सर्क्युलेटिंग लायब्ररीतून रहस्यकथा आणायचे, बाबूराव अर्नाळकरांचे काळा पहाड, झुंजार, ते वाचून झाले की गादीखाली, आणि तिथून माझ्याकडे. नंतर सुहास शिरवळकर, त्यातला दारा बुलंद तर मी भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे. पण त्या पुस्तकांमध्ये बाई म्हणजे एकतर किंचाळणारी नाहीतर फसवणारी. मग डॉन आला १९७८ ला. लाल डायरी, खोटा डॉन, खरं माहीत असलेला एकटा पोलीस मरतो, हे सगळं मला अगदी घरचं वाटलं, अर्नाळकरांचं पुस्तकच पडद्यावर. मावसभावांना मी इंटरवलला सांगितलं की आता याला कुणी ओळखणार नाही बघ. तेव्हापासून माझा भाव वधारला.

पण मला धरून ठेवलं ते डॉनच्या नायिकेने, रोमाने. भावाचा बदला घ्यायला ती ज्युदो-कराटे शिकते आणि टोळीत शिरते. बाल्कनीत आमच्या रांगेत सगळ्या मुली, तिने पहिला माणूस आपटला तेव्हा आम्ही ओरडलो, आणि खालून पुरुषांनी वर वळून बघितलं. कॉलेजात कराटेचा क्लास निघाला तेव्हा नाव घातलं, सर म्हणाले का शिकायचंय, मी म्हटलं डॉन. त्यांना वाटलं मला गुन्हेगार व्हायचंय.

तक्रार पण आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात रोमाला कामच कमी होत जातं, हे तेव्हा पण खटकलं होतं.

कालियाचा_शेजारी

छोटासाच. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला एकदा विजू खोटे आलेले, शोलेतला गब्बरचा माणूस कालिया. माणसाने किती नाटकं केली, किती मराठी सिनेमे, पण माइक हातात दिल्या दिल्या मागून पोरं ते नमकवालं वाक्य मागायला लागली. त्यांनी म्हटलं पण, अगदी हसत. मी पुढेच बसलो होतो. मिनिटभराचा सीन, आणि जन्मभर पुरला. लिहिणाऱ्याने एवढ्याशा माणसाला पण तोंड दिलं म्हणून.

जाता जाता, शोलेला त्या वर्षी फिल्मफेअर एकच मिळालं आणि ते एडिटिंगचं, आपल्या एम. एस. शिंद्यांना.

इटलीतून

मी बोलोन्याला शिकायला आहे. २०२५ च्या जूनमध्ये इथल्या मोठ्या चौकात शोले दाखवला, उघड्यावर, नवीन दुरुस्त केलेली प्रिंट, आणि शेवट मूळचा. आपण सगळ्यांनी बघितलाय त्यात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. ते आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेलं. मूळ लिहिलेल्यात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतोच. मी शोले वीस वेळा तरी बघितला असेल, आणि एकविसाव्या वेळी पुढे काय होणार ते माहीत नाही. हात घामाने ओले झाले होते माझे. मारून झाल्यावर ठाकूर रडतो. मला वाटलेलं टाळ्या वाजवाव्या वाटतील, नाही वाटल्या.

शेजारी एक इटालियन आजोबा होते. जेलर आला की खदाखदा हसायचे, सबटायटल वाचायच्या आधीच. शेवटी मला विचारलं की तुमच्या देशात हा शेवट का नको होता. मी सांगायला लागलो आणि मला माझ्या इटालियनमध्ये आणीबाणीला शब्दच सापडेना.

तंबूवाला

@चाळकरी, तुमचं वाचून कालपास्नं डोक्यात बसलंय. वडलांनी नंतर कधी बघितला का हो पूर्ण?

चाळकरी

नाही. टीव्हीवर लागला की चॅनेल बदलायचे, आम्ही पण कधी आग्रह केला नाही. पण २००४ ला निरूपा रॉय गेल्या, तेव्हा पेपर वाचता वाचता म्हणाले, दीवारमधली ना ही, डोक्यावर घमेली वाहायची ती. तो सीन सहीच्या बराच नंतर आहे. म्हणजे त्या रात्री ते गॅलरीच्या खिडकीतून बघत होते.