ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय म्हणजे सरकारांच्या पैशावर उभं बुजगावणं." राहवेना म्हणून लिहितोय. त्यांचा पहिला खटला लॉलेस विरुद्ध आयर्लंड, अंतिम निकाल १९६१चा. खटल्याविना डांबलेला माणूस हरला, सरकार जिंकलं. पण सरकार सांगतं ती आणीबाणी खरंच होती का, हे आम्ही तपासणार, हे न्यायाधीशांनी त्यातच ठरवून घेतलं. सरकार खूश, आणि चंचुप्रवेश झालासुद्धा! मग ब्रिटनविरुद्ध दोन निकाल: १९७५ला गोल्डर (कैद्यालाही कोर्टात जायचा हक्क), १९७८ला टायरर (छड्या मारण्याची शिक्षा अपमानास्पद). १९९८पासून तर सामान्य माणूस थेट दार ठोठावतो. हे कुणी ताटात वाढलेलं नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव: ताट ओढूनही घेता येतं, साहेब. आफ्रिकेत सादकच्या (दक्षिणेकडच्या देशांचा संघ) न्यायाधिकरणानं २००८ला जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूनं, झिम्बाब्वेविरुद्ध निकाल दिला. २०१०ला सदस्य देशांनी त्याचं कामच थांबवलं. करा चंचुप्रवेश.

निवृत्त_बाबू: दोघंही चुकताय. खरी गोम फेरनेमणुकीत. स्ट्रासबर्गला न्यायाधीशांना आधी ६ वर्षं आणि पुन्हा निवडून येण्याची सोय, म्हणजे मायदेशाची मर्जी राखा. २०१०पासून ९ वर्षं, एकदाच. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत ऑडिटर दरवर्षी तोच, सेक्रेटरीच्या ओळखीचा. टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल दोनदा लागलं, ह्याला दिसलं नाही!

वकीलीणबाई: ऑडिटर सर्वसाधारण सभा नेमते, सेक्रेटरी नव्हे. सभेला होतात का?

निवृत्त_बाबू: पुण्याला लग्नाला गेलो होतो. मुद्दा तो नाही.

वकीलीणबाई: मुद्दा तोच आहे. घरी बसायचं आणि इथे बोंबलायचं.

निवृत्त_बाबू: तुमच्यासारख्यांमुळेच सेक्रेटरी माजतात. कोरम नव्हता, अर्ध्या तासानं तीच सभा, पाच टाळकी, ठराव मंजूर!

सिडकोकर: आमच्याकडे पाच पण नसतात. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या.

गोदाकाठ: अहो, धागा कशावर आहे? पेरूचा राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी, त्यानं १९९९ला आंतरअमेरिकी मानवाधिकार न्यायालयातून अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला. न्यायालयानं ते अमान्य केलं, खटले चालवलेच. हे बुजगावणं?

द्राक्षबाग_पिंपळगाव: बरं, बुजगावणं नाही. पण फुजिमोरी पडला म्हणून पेरू परत आला. टिकला असता, तर निकाल कोणत्या फडताळात गेले असते, ते तुम्हीच सांगा.

गोदाकाठ: रशियाही २०२२ला बाहेर गेला, न्यायालय आहे तिथेच आहे.

द्राक्षबाग_पिंपळगाव: न्यायालय आहे हो. रशियातल्या माणसानं आता कुठे जायचं?

निवृत्त_बाबू: रविवारी आमची सभा आहे. ह्या वेळी जातो.

वकीलीणबाई: जुन्या बिलाची झेरॉक्स न्या.