जिरूची फेलव्ही टेस्ट पॉझिटिव्ह, घरात आधीच तीन मांजरं आणि बेडरूम एकच

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. मांजरवाल्यांचा सल्ला हवाय, जरा घाईने.

घरात तीन मांजरं आहेत. आप्पा, सहा वर्षांचा बोका, सोसायटीचा निवृत्त दादा. मनी, चार वर्षांची, तिला कुणीच आवडत नाही. आणि पिठी, जी अजून वर्षाचीही नाही. तिघांची नसबंदीची ऑपरेशनं झालीत, तीन आजारांची लस आणि रेबीजही झालंय. फेलव्हीची टेस्ट कुणाचीच केलेली नाही. हे नावच मी आत्ता पहिल्यांदा ऐकलं.

गणपतीच्या आधी आमच्या विंगच्या मीटरच्या खोलीत एक पिल्लू सापडलं. अंगावर जिरं सांडल्यासारखे ठिपके, म्हणून जिरू. मादी, डॉक्टरांच्या अंदाजाने दहा आठवड्यांची. डोळ्यांत चिपडं, नाक वाहतंय, म्हणून दवाखान्यात नेलं. तिथे रक्त घेऊन पट्टीवर टेस्ट केली. एफआयव्ही (मांजरांचा एड्ससारखा आजार) निगेटिव्ह, फेलव्हीच्या जागी मात्र रंग उमटला. फिकट, पण उमटला. "हा मांजरांचा ल्युकेमिया, बाकीच्यांना लागू शकतो, काय करायचं ते बघा," एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्या लॅब्राडॉरला आत बोलावलं.

जिरूला यातलं काही माहीत नाही. सर्दी बरी झाली, दोन्ही वेळा ताव मारते, पडद्यावर चढते आणि उतरता येत नाही म्हणून बोंब मारते.

घर वन बीएचके. माणसं चार: आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. आधी जिरू बाल्कनीत होती, पण तिथे जाळीचं दार आहे आणि पिठी जाळीला नाक लावून बसायची. संधी मिळाली तेव्हा आत घुसून तिने जिरूला चाटूनही काढलं. आता जिरू बेडरूममध्ये बंद आहे आणि मुलगा हॉलमध्ये अभ्यास करतो, म्हणजे टीव्ही बघतो.

सासूबाई म्हणतात, "कॅन्सर कधी लागण होणारा असतो का? आणि असला तर मलाही होईल की." त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांची भीती मला हसण्यावारी नेता येत नाही.

त्या एका पट्टीवर विश्वास किती ठेवायचा? पिठीला लागलं असेल तर ते कधी कळेल? एवढ्याशा घरात वेगळं ठेवायचं म्हणजे नक्की काय काय वेगळं? आणि फरशी कशाने पुसू?

ठाण्याचा_बोका

कटू बोलतो, राग मानू नका. एका पिल्लासाठी तीन धडधाकट मांजरं पणाला लावणं मला पटत नाही. एखादी संस्था घेत असेल तर द्या. नाहीतर जिथे सापडली तिथेच ठेवा आणि रोज खाली जाऊन खाऊ घाला. तुमचं आणि तिचंही हाल होणं वाचेल.

सांगलीची_आत्या

ठाणेकर, तुमची काळजी समजते, पण उपाय चुकीचा आहे. जिरूला मीटरच्या खोलीत परत सोडलं की ती तिथल्या सगळ्या मांजरांच्या ताटात तोंड घालणार. म्हणजे एका घरातला रोग अख्ख्या सोसायटीत नेऊन पेरल्यासारखं. शिवाय उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. संस्थेचं म्हणाल, तर जिथे पन्नास मांजरं एका हॉलमध्ये असतात तिथे फेलव्हीचं पिल्लू देणं म्हणजे त्या पन्नासांशी वैर.

ताई, आता तुमच्याशी बोलते. माझ्याकडे तात्या नावाचा बोका फेलव्ही पॉझिटिव्ह होता आणि त्याच वेळी घरात आणखी चार मांजरं होती. माझं घर जुनं, दोन मजली, त्यामुळे मला माडी होती. तुम्हाला नाही, हे मान्य. पण करायचं ते तेच आहे.

आधी सासूबाईंना सांगा की हा विषाणू मांजराचा आहे, माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. त्या निर्धास्तपणे जिरूला मांडीवर घेऊ शकतात. मधुमेह आहे म्हणून ओरखडा उठला तर लगेच साबणाने धुवायचा, पण ते कुठल्याही मांजराच्या बाबतीत करायचंच. उलट त्यांना जिरूची सोबत करायला बसवा. एकटं कोंडलेलं पिल्लू रडून घर डोक्यावर घेतं. माझ्या आईने दुपारची पोथी माडीवर न्यायला सुरुवात केली आणि तात्या गप्प झाला.

हा विषाणू जातो तो लाळेतून, नाकाच्या स्रावातून. एकमेकांना चाटणं, एका वाडग्यात खाणं-पिणं, एका ट्रेमध्ये जाणं, चावे. म्हणून चाटणारी पिठी ही तुमची खरी काळजी. मनीला कुणी आवडत नाही हे या वेळी फार चांगलं आहे. हवेतून खोल्या ओलांडून तो येत नाही आणि शरीराबाहेर वाळला की काही तासांत मरतो. साध्या साबणाच्या पाण्यालाही टिकत नाही. मांजरांचा पार्व्हो वर्षभर फरशीच्या फटीत दबा धरून बसतो, त्या मानाने हा फारच लेचापेचा.

तेव्हा बेडरूमचं भरीव दार लावून ठेवायचं, जाळीचं नको. जिरूची वाटी, पाण्याचं भांडं, ट्रे आणि वाळू काढायचा चमचा त्या खोलीबाहेर येणार नाही. स्टीलच्या वाट्या सगळ्या सारख्या दिसतात, म्हणून मी तात्याच्या वाटीला बुडाशी नेलपॉलिश लावलं होतं. खाणं घालताना आधी तिघं, शेवटी जिरू. तिच्या खोलीत एक जुना गाऊन खुंटीला ठेवा, आत गेलात की तो चढवा, बाहेर येताना काढा आणि हात धुवा. मुलाला सांगा, दार उघडं राहिलं तर रिमोट जप्त.

फरशीला फिनाइल नको म्हणजे नको! डेटॉलही नको. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, पंजे चाटले की पोटात जातं. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, बस.

आणि या पिल्लाला ताप आला तर घरातली क्रोसिन चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने धट्टंकट्टं मांजर मरतं.

खाणं शिजवलेलंच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मांजराला कच्चं चिकन, कच्ची मासळी म्हणजे जंतूंना आमंत्रण. रश्श्यातला तुकडा धुऊन देतात काही जण, तेही नको, कारण कांदा-लसणाने मांजराचं रक्त कमी होतं आणि फेलव्हीचा पहिला घाला रक्तावरच असतो. याच कारणासाठी पिसवांवर लक्ष ठेवा. पिसवांवाटे रक्तात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू शिरतो आणि फेलव्हीच्या मांजराला पार पांढरं करून टाकतो. औषध मात्र मांजराचंच आणा. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

रोज उजेडात नेऊन वरचा ओठ उचलून हिरड्या बघायच्या. गुलाबी हव्यात. फिकट दिसल्या, ती झोपेतही धापा टाकायला लागली, किंवा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

तात्या साडेतीन वर्षांचा होऊन गेला, छातीत गाठ झाली होती. शेवटचा महिना सोडला तर कुणी म्हटलं नसतं आजारी आहे म्हणून. बाकी चौघं निगेटिव्ह राहिली.

गुरांचा_दवाखाना

मी सरकारी पशुवैद्यक, रोजचा संबंध गाई-म्हशींशी, पण घरी मांजरं आहेत आणि हा विषय वाचलेला आहे. आत्यांनी काळजीचं सगळं सांगितलं, मी टेस्टपुरतं बोलतो.

ती पट्टी विषाणूच्या आतलं पी-२७ हे प्रथिन शोधते, अँटिबॉडी नाही. त्यामुळे आईच्या दुधातल्या अँटिबॉडीमुळे चुकतेय ही शंका इथे लागू नाही, दहा आठवड्यांच्या पिल्लाचीही टेस्ट धरता येते. (एफआयव्हीच्या पट्टीचं उलट आहे, ती अँटिबॉडी शोधते.) पण चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. विशेषतः थेट रक्ताचा थेंब टाकला असेल तर. सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणारं पाणी, वेगळं करून केलेली जास्त भरवशाची. फिकट रेघही पॉझिटिव्हच धरायची, मात्र निकाल म्हणून नाही, पुढच्या तपासणीचं कारण म्हणून.

दुसरं असं की खरी पॉझिटिव्ह असली तरी गोष्ट तिथे संपत नाही. काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं. मग पट्टी निगेटिव्ह येते, पण विषाणूची जनुकीय प्रत पेशींत लपून राहते. याला रिग्रेसिव्ह म्हणतात. असं मांजर सहसा दुसऱ्याला लागण करत नाही, मात्र त्याचं रक्त दुसऱ्या मांजराला चढवायचं नाही. ज्यांना दाबता येत नाही ती प्रोग्रेसिव्ह. त्यातली बरीचशी निदानानंतर दोन-तीन वर्षांत जातात, काही त्याहून जास्त जगतात. पिल्लं जितकी लहान तितकं दाबणं अवघड, हे खरं आहे.

म्हणून जिरूची सहा आठवड्यांनी परत पट्टी, सीरमवर. सोबत पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकीय प्रत शोधणारी टेस्ट, जमली तर उत्तम. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर पुन्हा काही आठवड्यांनी बघा, दबायला कधीकधी चार महिनेही लागतात.

आणि बाकीच्या तिघांची टेस्ट आत्ताच करा. सगळे गृहीत धरतायत की रोग जिरूने आणला. आप्पा एकेकाळी सोसायटीचा दादा होता म्हणता, म्हणजे चावे खाल्लेत आणि दिलेत. तोच पॉझिटिव्ह निघाला तर तुम्ही दार चुकीच्या खोलीचं लावलंय. आत्ता निगेटिव्ह आली तरी पिठीची जिरूशी शेवटचा संपर्क झाल्यापासून किमान महिन्याने पुन्हा करावी लागेल. नव्या लागणीत पी-२७ दिसायला तेवढा वेळ जातो.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मोठ्या माणसांनाही पडला होता. १९६४ मध्ये ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू शोधला तो एकाच घरात राहणाऱ्या मांजरांत लिम्फोमाच्या गाठी का होतायत याच्या मागे लागून. तेव्हाही बहुतेकांना कॅन्सर लागतो हे पटत नव्हतं.

मुक्काम_लीड्स

इथे बाहेर हिंडणाऱ्या मांजरांना फेलव्हीची लस सर्रास देतात, आठव्या-नवव्या आठवड्यापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. तुमच्याकडे मिळते का ते डॉक्टरांना विचारा, पण तीन आजारांच्या लसीत ही नसते एवढं पक्कं. मिळाली तर टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांनाच द्यायची. लागण झालेल्या मांजराला तिचा उपयोग नाही. लस असली तरी दार उघडू नका, शंभर टक्के संरक्षण ती देत नाही.

ठाण्याचा_बोका

आत्या, सोसायटीतल्या बाकीच्या मांजरांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण माझा प्रश्न राहतोच. दुसरी टेस्टही पॉझिटिव्ह आली तर वन बीएचकेमध्ये दार किती वर्षं बंद ठेवणार? मुलगा दहावीत आहे.

सांगलीची_आत्या

रास्त प्रश्न. तेव्हा ज्या घरात एकही मांजर नाही असं घर शोधायचं. फेलव्ही सांगून द्यायचं, लपवून नाही. एकटं मांजर हवं असणारी म्हातारी जोडपी असतात, घरातच राहणारं मांजर त्यांना सोयीचं पडतं. पण हे ठरवायला दीड महिना आहे. ऑपरेशनचं वयही तोवर जवळ येईल, तब्येत चांगली असेल तर पॉझिटिव्ह मांजराचंही करतात, करावंच. आणि तीन आजारांची लस जिरूलाही हवी, तिला तर जास्तच. कुठल्या प्रकारची ते तिचे डॉक्टर ठरवतील.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे आभार. काल तिघांना दोन रिक्षांतून नेलं. मनीने तिथल्या मदतनीसाला रक्तबंबाळ केलं. आप्पा निगेटिव्ह, मनी निगेटिव्ह, पिठी आत्तापुरती निगेटिव्ह. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी सीरमवर केली आणि सगळं समजावून सांगितलं. पिठीची पुढच्या महिन्यात परत.

फिनाइलची बाटली शेजारणीला दिली. सासूबाई दुपारची मालिका मोबाइलवर बेडरूममध्ये बघतात, जिरू त्यांच्या पदरात झोपते. आता त्या म्हणतात, टेस्ट काहीही येवो, ही कुठे जाणार नाही, मी तिच्या खोलीत राहते. नवरा विचारतोय मग आपण कुठे राहायचं.

एकच शंका. पीसीआरचं रक्त त्या डॉक्टरांकडे घेतील, पण लॅबला आम्हीच पोहोचवायचं आहे. साध्या नळीत चालतं का?

गुरांचा_दवाखाना

नाही. पीसीआरला न साकळलेलं रक्त लागतं, म्हणजे जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची नळी. पट्टीचं सीरम साध्या नळीतून निघतं, म्हणून दोन्ही नळ्या एकाच वेळी भरून घ्या, पिल्लाला परत टोचायला नको. बर्फाच्या पिशवीसोबत न्या, पण नळी थेट बर्फाला लागू देऊ नका, मधे रुमाल गुंडाळा. आणि आधी लॅबला फोन करून विचारा की मांजराचा नमुना घेतात का, कारण माणसांच्या बऱ्याच लॅब घेत नाहीत.