ऑर्डर्स, पेमेंट आणि हिशेब तीन वेगळ्या क्लाउड सेवांमध्ये आहेत. एकच रिपोर्ट कसा काढावा? सल्ला हवा

निळीशाई
नमस्कार मंडळी. आमचा छोटा व्यवसाय आहे, घरगुती वापराच्या वस्तू ऑनलाइन विकतो. ऑर्डर्स एका क्लाउड सेवेत, पैसे जमा होतात पेमेंट गेटवेकडे, पावत्या आणि खर्च अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येकाचे तयार रिपोर्ट आहेत आणि दिसायला छान आहेत. पण माझ्या एका प्रश्नाचं उत्तर कुठेच मिळत नाही: कमिशन, डिलिव्हरी आणि परत आलेला माल वजा जाता कोणत्या वस्तूत खरंच पैसे सुटतात? दर सोमवारी सकाळी हे एका पानावर दिसायला हवं.

बजेट: दरमहा नवीन सबस्क्रिप्शन नको. अगदीच अडलं तर एका माणसाचं लायसन्स. रिपोर्ट बघणारे आम्ही चौघं, त्यातले दोघं मॅकवर. माझ्याकडे विंडोज. एक्सेल बऱ्यापैकी येतं, प्रोग्रामिंग येत नाही. महिन्याला साधारण ९०० ऑर्डर्स.

पिव्होटपंत
पॉवर बीआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन. दुसरा विचारच करू नका. मी तीन वर्षं वापरतोय, आमच्या ऑफिसात सगळे माझ्याच डॅशबोर्डवर मीटिंग घेतात. चौघांची प्रो (पैसे भरून मिळणारी) लायसन्स घ्या आणि कामाला लागा.

निळीशाई
धन्यवाद. पण चार लायसन्स बजेटमध्ये बसत नाहीत, वर लिहिलंय. आणि ते मॅकवर चालतं का?

पिव्होटपंत
पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं, पण ते बनवणाऱ्यालाच लागतं आणि फुकट आहे. बाकीचे ब्राउझरमध्ये बघतील. मात्र प्रोमधून शेअर करायचं तर बघणाऱ्यालाही प्रो लागतं. दिवसाला ८ वेळा आपोआप रिफ्रेश होतं, म्हणजे ताजा डेटा येतो. एवढं मिळत असताना पैशाकडे बघू नये असं मला मनापासून वाटतं.

भिरभिरं
आठवड्यातून एकदा बघायच्या रिपोर्टाला दिवसाला ८ रिफ्रेश कशाला? निळीशाई, लूकर स्टुडिओ बघा, गूगलचं रिपोर्ट बनवायचं साधन. बनवायला फुकट, बघणाऱ्याला लायसन्स लागत नाही, मॅकचा प्रश्नही मिटला. एकच सांगते, गूगलचे स्वतःचे कनेक्टर, म्हणजे दुसऱ्या सेवेतला डेटा रिपोर्टात आणणारे जोड (शीट्स, अॅनालिटिक्स, गूगलचा क्लाउड डेटाबेस बिगक्वेरी) फुकट आहेत. पेमेंट गेटवे किंवा अकाउंटिंगसाठी बाहेरच्या कंपन्यांचे कनेक्टर लागतात आणि ते बहुतेक महिन्याच्या भाड्याने मिळतात. 'फुकट' ऐकून सुरुवात होते आणि पैसे जातात ते इथे.

क्वेरीवाला
लूकर हे महागडं प्रकरण आहे, मोठ्या कंपन्यांसाठी. चुकीची माहिती देऊ नका.

भिरभिरं
लूकर आणि लूकर स्टुडिओ ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. मी म्हणतेय ते म्हणजे पूर्वीचं डेटा स्टुडिओ. २०२२ मध्ये त्याचं नाव बदललं, तेव्हापासून हा घोळ सुरू आहे.

क्वेरीवाला
मग डेटा स्टुडिओ म्हणा ना. असो. माझं मत: सगळा डेटा बिगक्वेरीत ओता. महिन्याला १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंत क्वेरी (डेटाला विचारलेले प्रश्न) फुकट आहेत, तुमच्या ९०० ऑर्डर्स त्यात कुठल्या कुठे जातील. दोन गोष्टी सांभाळा. कार्ड न देता सँडबॉक्समध्ये (फुकट करून बघायच्या जागेत) काम केलंत तर टेबलं ६० दिवसांनी आपोआप पुसली जातात. आणि क्वेरीच्या शेवटी लिमिट १० (फक्त १० ओळी दाखव) लिहिल्याने त्या १ टीबीतली मोजणी कमी होत नाही, जितके कॉलम वाचले जातात तितकं मोजलं जातं. क्वेरी लिहायची भाषा, एसक्यूएल, शिकायला महिनाभर पुरतो. मी पंधरा दिवसांत शिकलो.

निळीशाई
प्रोग्रामिंग येत नाही म्हटलं होतं. एसक्यूएल शिकायची इच्छा आहे, पण सोमवार दर आठवड्याला येतो.

मधलीसुट्टी
पॉवर बीआयला +१. वरचे सगळे प्रतिसाद वाचलेले नाहीत, कुणी आधी सांगितलं असेल तर क्षमस्व.

आमचा अनुभव मात्र कडू आहे. एका सल्लागाराकडून १४ पानांचा डॅशबोर्ड करून घेतला. दुसऱ्या महिन्यानंतर तो कुणी उघडलाच नाही. त्याहून वाईट पुढे झालं. ऑर्डर्सच्या सेवेला जोडणी एका सहकाऱ्याच्या वैयक्तिक लॉगिनने केली होती. तो नोकरी सोडून गेला, लॉगिन बंद झालं आणि रिफ्रेश थांबलं. डॅशबोर्डवर जुने आकडे तसेच दिसत राहिले, त्यामुळे तीन आठवडे कुणाला पत्ताच नव्हता. त्याच आकड्यांवर आम्ही माल मागवला. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. जोडणी कंपनीच्या सामायिक खात्याने करायची, आणि रिपोर्टच्या डोक्यावर 'शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेची' हे मोठ्या अक्षरात ठेवायचं. रिफ्रेशची नाही, शेवटच्या ऑर्डरची तारीख.

हिशेबनीस
सगळे साधन सुचवताहेत, पण हा रिपोर्ट साधनामुळे अडलेला नाही. मी अशा जुळवाजुळवीत बारा वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदावर लिहा, 'विक्री' म्हणजे काय? ऑर्डर्सची सेवा ऑर्डर आली की विक्री मोजते. गेटवे पैसे मिळाले की मोजतो, आणि तुमच्या बँकेत येते ती कमिशन कापून उरलेली रक्कम, तीही अनेक ऑर्डर्सची एकत्र. अकाउंटिंग पावतीच्या तारखेने चालतं, कर धरून की वगळून हे सेटिंगवर. तिन्ही आकडे बरोबर असतात आणि तिन्ही वेगळे असतात. तुम्ही कोणता धरणार ते आधी ठरवा, नाहीतर दर सोमवारी चौघांत वाद.

दुसरं, दुप्पट मोजणी. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत, डिलिव्हरीचे ६०. ऑर्डर्सचा तक्ता वस्तूंच्या तक्त्याला जोडलात की त्या ऑर्डरच्या तीन ओळी होतात आणि प्रत्येक ओळीवर ६० येतात. बेरीज १८०. रिपोर्ट एरर देत नाही, आकडा खोटा निघतो. माझ्या हातून हे झालंय आणि एक पूर्ण तिमाही आमच्या मालकांनी तो आकडा खरा मानला होता. जोडण्याआधी डिलिव्हरी वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्या. जोडल्यावर एकूण बेरीज मूळ तक्त्याशी ताडून बघा, दर वेळी.

तिसरं, परतावा. मार्चमध्ये विकलेली वस्तू एप्रिलमध्ये परत आली तर ती कोणत्या महिन्यातून वजा करायची? रोकड बघायची असेल तर एप्रिल. वस्तू फायद्याची आहे का हे बघायचं असेल तर मार्च, म्हणजे मूळ विक्रीच्या समोरच. तुमचा प्रश्न यातल्या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आणि वेळ. बऱ्याच सेवा एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून डेटा घ्यायची वाट) वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देतात, स्क्रीनवर मात्र स्थानिक वेळ दाखवतात. त्यामुळे रात्रीच्या ऑर्डर्स शेजारच्या दिवसात जाऊन पडतात आणि महिनाअखेरीला ताळमेळ बसत नाही.

निळीशाई
हिशेबनीस, हे वाचून दोन गोष्टी लगेच उलगडल्या. डिलिव्हरीचा आकडा नेहमी फुगलेला यायचा, त्याचं कारण हेच असणार.

पिव्होटपंत
हे सगळं पॉवर बीआयच्या मॉडेलमध्ये नीट रिलेशनशिप दिली की होत नाही.

हिशेबनीस
रिलेशनशिप नीट कोण देणार? ज्याला हे माहीत आहे तोच.

घडीचाकागद
अवांतर, पण महत्त्वाचं. सीएसव्ही फाइल (सेवेतून उतरवलेला साध्या मजकुरातला तक्ता) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल आकड्यात १५ अंकच नीट ठेवतं, त्यापुढचे शून्य होतात. गेटवेचा व्यवहार क्रमांक १६ किंवा १८ अंकी असला तर शेपूट गेलं आणि जुळणी संपली. वस्तूच्या कोडआधीचे शून्यही उडतात. डेटा टॅबमधून पॉवर क्वेरीने (एक्सेलमधलं डेटा आत घ्यायचं साधन) घ्या आणि ते कॉलम टेक्स्ट करा. एक्सेल २०१६ पासून हे आतच आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. फोल्डरमधून घेण्याचा पर्यायही आहे. दर आठवड्याची फाइल फोल्डरमध्ये टाकायची, रिफ्रेश दाबायचं, सगळ्या फाइली एकाखाली एक येतात.

मधलीसुट्टी
एक्सेलमध्ये ओळींची मर्यादा असते ना?

घडीचाकागद
१०,४८,५७६ ओळी. महिन्याला ९०० ऑर्डर्स म्हणजे काळजी नको.

भिरभिरं
त्यापेक्षा गूगल शीट्स बरं, चौघांना एकाच वेळी दिसेल. तिथे १ कोटी सेल्सची मर्यादा आहे.

क्वेरीवाला
पुन्हा सांगतो, आज शीटमध्ये केलंत तर दोन वर्षांनी सगळं उचलून बिगक्वेरीतच न्यावं लागेल. मी हे तीन ठिकाणी पाहिलंय.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगते. कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही, रागवू नका.

डॅशबोर्ड नाही, कनेक्टर नाही, फोल्डरचं रिफ्रेशही अजून नाही. दर सोमवारी तिन्हीकडून सीएसव्ही उतरवते (क्रमांक टेक्स्ट करूनच), एका शीटमध्ये चिकटवते आणि न जुळणाऱ्या ओळी हाताने बघते. पहिल्यांदा पाच तास गेले, काल सव्वादोन. वस्तूंची नावं तिन्हीकडे वेगळी होती, म्हणून आधी एक नावजुळणीचा तक्ता केला: डावीकडे आमचा कोड, उजवीकडे तिन्ही सेवांमधली नावं. आठवड्याचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

हाताने केल्याचं कारण आहे. पहिल्याच आठवड्यात २३ परतावे असे सापडले की ग्राहकाला पैसे गेले, पण माल परत आल्याची नोंद कुठेच नाही. आपोआप रिफ्रेश होणाऱ्या रिपोर्टात ही एक बेरीज झाली असती आणि मी पुढे गेले असते. कोणत्या ओळी बिघडतात ते पूर्ण कळेपर्यंत, निदान तीन महिने, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

पिव्होटपंत
दर महिन्याला नऊ-दहा तास हातकाम? तुमच्या वेळेची किंमत धरली तर माझं लायसन्स स्वस्त पडतं. मला हे पटत नाही.

हिशेबनीस
मी फोल्डरचं रिफ्रेश तरी लावलं असतं. पण उतरवलेल्या मूळ फाइली न बदलता तारखेसह जपून ठेवा. काही सेवा जुन्या ऑर्डर्समध्ये मागाहून बदल करतात, तेव्हा तुमच्याकडे त्या दिवशीचं चित्र असायला हवं.

घडीचाकागद
मूळ प्रश्नाचं काय झालं? पैसे कशात सुटतात?

निळीशाई
मूळ फाइली आजपासून ठेवते. आणि उत्तर मिळालं. सगळ्यात जास्त विकली जाणारी आमची वस्तू परतावे आणि डिलिव्हरी धरून आतबट्ट्यात आहे. चौथ्या क्रमांकावरची, जिची आम्ही कधी जाहिरातही केली नाही, तिच्यावर घर चालतंय. कालच पहिलीची पुढची ऑर्डर थांबवली.