डिलीट करण्याआधी किमान मुदत बघा

बॅकअप ३० दिवसांनी अर्काइव्हला हलवून ९० व्या दिवशी डिलीट करायचा, हा तुमचा नियम काटकसरीचा वाटतो. पण अ‍ॅमेझॉन एस३ या क्लाउड साठवण सेवेच्या ग्लेशियर डीप अर्काइव्हमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीच्या स्वस्त विभागात, तो अंगाशी येईल. तिथे किमान मुदत १८० दिवसांची आहे. फाइल आधी उडवली तरी उरलेल्या दिवसांचे पैसे लागतातच. शिवाय फाइल परत मिळायला स्टँडर्ड पद्धतीनेही १२ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ताजे बॅकअप तिथे टाकूच नका.

आणि व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय) चालू असेल तर साध्या डिलीटने फाइल जात नाही, तिच्यावर फक्त डिलीट मार्कर, म्हणजे ती यादीतून लपवणारी खूण, बसतो. जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळा एक्स्पायरी नियम (ठरावीक दिवसांनी आपोआप डिलीट करणारा) लावावा लागतो. माझा तो राहून गेला होता. यादीत रिकामं दिसणारं फोल्डर महिनोन्महिने जागा खात होतं.