मदत हवी आहे : जुन्या दुनळी बंदुकीच्या फ्रेमचा (नळ्या जिच्यावर बसतात त्या मधल्या लोखंडी भागाचा) आकार कसा ओळखायचा?

गुहागरकडच्या घरी आजोबांची १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) दुनळी आहे. बाहेरच्या घोड्यांची, बर्मिंगहॅमची. शेतीसंरक्षणाचा परवाना चालू आहे, आणि बार काढायचा नाही, त्यामुळे ‘झाडू नका’ ही सूचना नको.

मासळीच्या काट्यावर तोलली तर ३ किलो ६०० भरली. नुसत्या नळ्या १ किलो ७००, लांबी ३० इंच. या बोअरची साधी शिकारी बंदूक ३ किलोच्या आसपास असते. नळ्यांच्या बुडाशी तिरप्या चौकोनात १२ आणि सी असा तपासणीचा शिक्का आहे, म्हणजे १८८७ नंतरची. फ्रेमवर नंबर स्पष्ट आहे. नळ्यांवरचा मात्र खाऱ्या हवेने खाल्ला, म्हणून दोन्ही जुळतात का ते पाहता येत नाही. रॉकेल, मऊ ब्रश, भिंग सगळं करून झालं. पॉलिश पेपर लावणार नाही, उरलंसुरलंही जाईल.

पार्कर या अमेरिकन कंपनीच्या बंदुकांत नळ्यांखाली फ्रेमच्या आकाराचा आकडाच ठोकलेला असतो. इथे तसा काही नाही. काडतुसावर आपटणाऱ्या दोन पिनांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २८ मिलिमीटर आलं, तेही साध्या पट्टीने.

एवढ्यावरून ही फ्रेमच मुळात जड, बदकांच्या शिकारीची म्हणायची, की दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या हिच्यावर बसवल्यात? ठरवायला आणखी नेमकं कुठलं माप घेऊ?